अकाली प्रसूती : जोखीम कोणाची, जबाबदारी कोणाची?

(वार्षिक सभेच्या दिवशी, प्रसूती व नवजात शिशु विभागाच्या वतीने विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आमच्या विभागाच्या कामाचा गोषवारा सादर करण्याची प्रथा आहे. किती बाळंतपणे झाली, किती बाळे नवजात शिशु कक्षात दाखल झाली, किती सुखरूप घरी गेली, हे आकडे याच अहवालात अन्यत्र दिलेले आहेत. ते वाचून दाखवण्यात आपला वेळ न घेता आज आम्ही एका प्रश्नाविषयी बोलणार आहोत. नवजात शिशु कक्षाच्या दाराशी तो आम्हाला जवळजवळ रोज ऐकू येतो. काचेपलीकडे पेटीत दीड किलोचे बाळ असते आणि अलीकडे बाकावर बसलेले घरातले कोणी वडीलधारे माणूस विचारते, "डॉक्टर, हिचे काय चुकले?"

प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो, हे आम्ही जाणतो. परंतु त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाळाची आई बसलेली असते. तिच्या कानावर तो पडतो आणि तिची मान खाली जाते. त्यानंतर आम्ही तिला जे विचारू, त्याचे खरे उत्तर ती देईलच याची शाश्वती उरत नाही. आज आम्हाला जे सांगायचे आहे, त्याचे मूळ या एका अनुभवात आहे.

प्रथम थोडी माहिती. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास गर्भारपणाचे पूर्ण दिवस सुमारे ४० आठवड्यांचे असतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतो. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे दर दहांमध्ये सुमारे एक. त्यांपैकी सुमारे ३० लाख आपल्या देशातली होती. पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूंचे जगातील सर्वांत मोठे कारण म्हणजे अकाली जन्म आणि त्यातून उद्भवणाऱ्या व्याधी.

आपल्याकडे एक समजूत अजून ऐकू येते की, सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही. तिला कोणताही आधार नाही. आईच्या पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाची फुप्फुसे, मेंदू आणि आतडी यांना बळ देतो. ३४ आठवड्यांच्या बाळाची स्थिती ३० आठवड्यांच्या बाळाहून चांगली असते आणि ३० आठवड्यांच्या बाळाची २७ आठवड्यांच्या बाळाहून. म्हणून दिवस पूर्ण व्हावेत, निदान जितके लांबवता येतील तितके लांबावेत, यासाठी सारी धडपड असते.

आता प्रसूती अकाली होण्याची जोखीम कशाने वाढते, ते पाहू. ही यादी लांब आहे. ती ऐकताना प्रत्येक गोष्ट कोणाच्या हातात होती, असा प्रश्न आपण मनाशी विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.

काही गोष्टी दिवस जाण्याच्या आधीच ठरलेल्या असतात. त्यांत पहिले मुलीचे वय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. स्वतःच्या शरीराची वाढ पुरी न झालेल्या मुलीवर गर्भाच्या वाढीचा भार पडला, तर दिवस पूर्ण न होण्याचा संभव वाढतो. दुसरे म्हणजे दोन बाळंतपणांतील अंतर. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिसरा रक्तक्षय. त्याच पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. लग्नाचे वय, पाळणा लांबवणे आणि ताटातले अन्न या तिन्ही बाबतींत निर्णय घेणारी ती मुलगी एकटी असते का, हे आपणास सांगणे न लगे.

काही गोष्टी गर्भारपणात उद्भवतात. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग पुष्कळदा काहीही त्रास न देता राहतो. साध्या तपासणीने तो कळतो आणि औषधाने बरा होतो. योनिमार्गातील संसर्ग, मलेरिया, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचे विकार यांनीही जोखीम वाढते. रक्तदाब वाढला, वार खाली सरकलेली असली किंवा बाळाची वाढ खुंटली, तर आई आणि बाळ यांचे प्राण वाचवण्यासाठी आम्हालाच प्रसूती लवकर करावी लागते. जुळ्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक ३७ आठवड्यांपूर्वी जन्मतात. वंध्यत्वावरील उपचारांत एकाहून अधिक भ्रूण गर्भाशयात सोडले जातात, तेव्हा जुळ्या-तिळ्यांची शक्यता आणि तिच्यासोबत ही जोखीमही वाढते.

काही गोष्टी घरात आणि कामाच्या जागी असतात. आपल्या महाराष्ट्रातील एक सवय येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. कित्येक घरांतील स्त्रिया सकाळी मिश्री लावतात आणि तिला तंबाखू म्हणून कोणी मोजत नाही. मुंबईतील बाराशेहून अधिक गर्भवतींचा एक अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखा, न ओढता घेतला जाणारा तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया त्यात सरासरी सहा दिवस आधी बाळंत झाल्या आणि त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. सहा दिवस ही सरासरी आहे. फार लवकर, म्हणजे ३२ आठवड्यांच्याही आधी होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण या स्त्रियांत कित्येक पटींनी जास्त होते. चुलीचा धूर, घरातल्या माणसाची विडी, सतत उभे राहून किंवा ओझे उचलून केलेले काम, मारहाण आणि मनावरचा सततचा ताण यांचाही अकाली प्रसूतीशी संबंध आढळलेला आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कारखान्याच्या परिसरात पालात राहायचे, पहाटे थंडीत फडात उतरायचे आणि मोळ्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो; त्यामुळे ती थांबली तर कोयता मोडतो. गावातील आशाताई, तपासणीची तारीख, लोहाच्या गोळ्या हे सारे मागे राहते. अशी भगिनी सातव्या महिन्यात कळा घेऊन येते, तेव्हा 'हिचे काय चुकले' या प्रश्नाला आम्ही कोणते उत्तर द्यावे?

आमच्या व्यवसायाच्या वाट्याची जोखीमही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मुहूर्त साधावा किंवा सुटीच्या आत मोकळे व्हावे, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख पुढे ओढण्याचा आग्रह होतो आणि डॉक्टर मंडळी कधी कधी त्याला बळी पडतात. दिवसांचा हिशेब दोन आठवड्यांनी चुकलेला असेल, तर ३७ आठवड्यांचे म्हणून बाहेर काढलेले बाळ ३५ आठवड्यांचे निघते आणि श्वासासाठी धापा टाकू लागते. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत ठरवून प्रसूती करू नये, हा नियम आम्ही पाळतो. त्यामुळे कोणी नाराज झाल्यास क्षमा असावी.

आणि यादीच्या अखेरीस एक रिकामी ओळ ठेवावी लागते. अकाली बाळंत होणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत यांतले एकही कारण सापडत नाही. वेळेवर तपासण्या, उत्तम आहार, निर्व्यसनी घर असे सारे असूनही कळा सुरू होतात. त्या आईने काही खाल्ले म्हणून, जिना चढली म्हणून किंवा प्रवास केला म्हणून असे घडले, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हालाही नाही. दिवसभर अंथरुणावर पडून राहिल्याने अकाली प्रसूती टळते, असाही पुरावा मिळालेला नाही. अवजड काम टाळावे, पण निरोगी गर्भवतीला खाटेला खिळवून ठेवू नये.

या यादीतील जी गोष्ट पुढच्या बाळंतपणाविषयी सर्वांत जास्त सांगून जाते, ती आम्ही मागे ठेवली होती. ती म्हणजे आधीचे बाळंतपण. एकदा अपुऱ्या दिवसांत प्रसूती झालेल्या स्त्रीच्या बाबतीत ते पुन्हा घडण्याचा संभव इतरांहून बराच अधिक असतो. म्हणून पहिल्या भेटीतच तिचा इतिहास कळला, तर करण्यासारखे पुष्कळ असते. सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते. ती २५ मिलिमीटरहून कमी भरली, तर प्रोजेस्टेरॉनचे औषध देता येते आणि निवडक स्त्रियांना टाका घालता येतो. या टाक्याचा इतिहास आपल्या मातीतला आहे. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेल्या आणि मुंबईत कार्य केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. वारंवार मध्येच गर्भ पडणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाभोवती, त्यांच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी घेऊन त्यांनी टाका घातला. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत तो आजही 'शिरोडकर टाका' या नावाने ओळखला जातो.

परंतु हे उपचार करायचे, तर आधीचे बाळंतपण आम्हाला कळले पाहिजे. येथे आम्ही आमच्याच रुग्णालयातील एक हकिगत सांगतो. त्या मातेच्या संमतीने सांगत आहोत. तिचे नाव-गाव सांगणार नाही.

ती नोंदणीसाठी आली, तेव्हा चौथा महिना होता. सोबत सासूबाई होत्या. बाह्यरुग्ण विभागात नेहमीप्रमाणे गर्दी होती. परिचारिकेने टेबलामागून विचारले, "पहिलीच खेप ना?" ती क्षणभर थांबली, सासूबाईंकडे पाहिले आणि म्हणाली, "हो." केसपेपरवर 'पहिलटकरीण' असे लिहिले गेले. पुढच्या सर्व भेटींत तोच कागद आमच्यासमोर होता आणि त्यावर आम्ही विसंबलो. एकतिसाव्या आठवड्यात ती रात्री कळा घेऊन आली, तेव्हा गर्भाशयमुख बरेच उघडलेले होते. प्रसूतिकक्षात, दार बंद झाल्यावर, तिने आमच्या सिस्टरचा हात धरून सांगितले की याआधी एक मुलगा झाला होता. सातव्या महिन्यात झाला आणि दोन दिवस जगला. घरात त्याचा उल्लेख करायचा नाही, असे ठरले होते. तो 'हिच्यामुळे गेला' असे बोलले गेले होते. म्हणून तो कोणत्याच कागदावर नव्हता.

त्या रात्री बाळाच्या फुप्फुसांसाठीच्या इंजेक्शनची एकच मात्रा देता आली. काही तासांत मुलगी झाली. वजन १ किलो ३५० ग्रॅम. इतिहास आधी कळला असता, तर प्रसूती टळली असती असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण गर्भाशयमुख वेळेवर मोजले गेले असते, औषध सुरू करता आले असते आणि कोणती लक्षणे दिसताच निघायचे हे तिला पढवून ठेवता आले असते. ते झाले नाही. खोटे सांगितल्याबद्दल तिला बोल लावणे सोपे होते. परंतु खरे उत्तर देता येईल, अशी जागा आम्ही तिला दिलीच नव्हती. चूक विचारायचीच असेल, तर ती आमच्याकडे विचारावी.

या एका प्रसंगाने आम्हाला शिकवले की, जेथे दोष लावला जातो तेथे जोखीम लपवली जाते. मिश्री लपते, मारहाण लपते, आधीचा गर्भपात लपतो, दोन दिवस जगलेला मुलगाही लपतो. मग आमची यंत्रे कितीही उत्तम असली, तरी ती उशिरा कामाला येतात.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. नोंदणीच्या दिवशी प्रत्येक गर्भवतीशी एक अनुभवी परिचारिका एकटीने बोलते. सोबत आलेली मंडळी, मग पतिराज असोत की आई, तेवढा वेळ बाहेर थांबतात. 'पहिली खेप ना' असे आम्ही आता विचारत नाही. 'याआधी किती वेळा दिवस राहिले होते, आणि प्रत्येक वेळी काय झाले' असे विचारतो. केसपेपरवर 'कारण' या रकान्यात आईच्या वागणुकीविषयी शेरे लिहिणे बंद केले आहे. २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी करून दिवस नक्की करून घेतो.

आता कुटुंबीयांसाठी अत्यंत महत्त्वाची सूचना. ३७ आठवड्यांच्या आत पोट वरचेवर कडक होऊ लागले, कंबरेतून कळा येऊ लागल्या, ओटीपोटात खाली दाब जाणवू लागला, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले की, प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो. आज डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध त्यासाठी दर १२ तासांनी, असे चार वेळा देतात. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने नवजात बालकांचे मृत्यू घटल्याचे पुन्हा सिद्ध झाले. परंतु त्याचा पुरता गुण येण्यास वेळ लागतो. 'थोडे थांबून पाहू' म्हणत घरी गेलेले सहा तास आम्हाला रुग्णालयात परत मिळत नाहीत.

आणि बाळ लवकर आलेच, तर 'काय चुकले' असे विचारण्याऐवजी 'आम्ही काय करू' असे विचारा. काम तयार आहे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस, पेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा, बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची कांगारू पद्धत सुरू झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील अभ्यासात, जन्मानंतर लगेच हा सहवास सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. आई थकली की वडील बसू शकतात, आजी बसू शकते. आम्ही सांगितलेल्या हकिगतीतील मुलगी पाच आठवडे आमच्याकडे होती. दुपारच्या वेळी तिला छातीशी घेऊन बसायला तिची आजीच येत असे. घरी जाण्याच्या आदल्या दिवशी त्या आजींनी आम्हाला आपणहून सांगितले, "आधीचा एक होता, त्याचीही नोंद करून ठेवा." आम्ही ती नोंद केली.

देणगीदार बंधुभगिनींनो, आपल्या औदार्याने आमच्या कक्षात पेट्या आल्या, श्वसनयंत्रे आली. त्यांवरील पाट्यांकडे पाहून आमचे मन कृतज्ञतेने भरून येते. आज आमचे मागणे मात्र वेगळे आहे. बाह्यरुग्ण विभागातील हे संभाषण अजून पडद्याआड चालते आणि पडद्याबाहेरच्या बाकावर सारे ऐकू जाते. आम्हाला दार असलेली एक लहान खोली हवी आहे. त्या खोलीत बसणाऱ्या परिचारिकेचे वेतन हवे आहे. ऊसतोडीच्या हंगामात पालांवर जाऊन गर्भवतींची लघवी, रक्त आणि रक्तदाब तपासणाऱ्या गाडीचे इंधन हवे आहे. वेळेवर बऱ्या झालेल्या जंतुसंसर्गावर कोणाचे नाव कोरता येत नाही, हे आम्ही जाणतो. जी बाळे पेटीत जातच नाहीत, त्यांचे छायाचित्रही अहवालात छापता येत नाही. तरीही आपल्या देणगीचे सर्वांत मोठे फळ तेच असेल, असे आम्ही विश्वासाने सांगतो.

अकाली प्रसूतीची जोखीम एका स्त्रीच्या देहात प्रकट होते. परंतु ती तेथे पोचते घरातून, शेतातून, रस्त्यावरून आणि काही वेळा रुग्णालयातूनही. म्हणून जबाबदारीही वाटून घेतली पाहिजे. आपापला वाटा आपण उचलाल, अशी आमच्या विभागातील सर्व परिचारिका, सेविका आणि डॉक्टर यांना खात्री आहे.